पायांपासून आरंभ

शनिवारची रात्र चढू लागली आणि कचेऱ्यांतून परतणाऱ्यांची गर्दी ओसरली, की कल्याण जंक्शनाच्या पुलावर एक निराळाच प्रवासी दिसू लागतो. पाठीवर सॅक, सॅकच्या कुशीला गुंडाळून बांधलेली कॅरीमॅट, पायांत मागच्या वारीचा चिखल वाळलेले बूट, असा हा तरुण-तरुणींचा जथा ठाण्याहून, दिव्याहून, डोंबिवलीहून येथे गोळा होतो. आणि लोहमार्ग ज्याप्रमाणे या ठिकाणी दुभंगून त्याचा एक फाटा ईशान्येस कसाऱ्याकडे व दुसरा आग्नेयेस कर्जतकडे जातो, त्याप्रमाणे हा जथाही येथे दुभंगतो. कोणी आसनगावला उतरून माहुलीची वाट धरतो, कोणी बदलापूर-वांगणीच्या बाजूने चंदेरीचा पायथा गाठतो, तर कोणी पहाटेपर्यंत थांबून मुरबाडकडची एस. टी. पकडतो आणि गोरखगड, सिद्धगड किंवा नाणेघाटाकडे रवाना होतो.

या अंकासाठी ‘आरंभ’ हा विषय मुक्रर करून संपादकांनी लेखाची मागणी केली, तेव्हा या जथ्यातील सर्वांत मागे चालणारा, ज्याचे बूट अद्याप कोरे आहेत असा इसम माझ्या डोळ्यांपुढे आला. त्याच्या खिशात पहिल्या पगारातील थोडी रक्कम असते, मनात आज माहुली, उद्या हिमालय आणि परवा काश्मीरच्या बर्फावरून घसरत येणारा स्नोबोर्ड असे मनोराज्य असते, आणि ओठांवर एकच प्रश्न असतो, की आधी काय घ्यावे? या प्रश्नाच्या उत्तराच्या शोधार्थ मी ठाण्या-डोंबिवलीतील दुकाने पाहिली, मुंब्र्याच्या कातळापाशी बसलो आणि जुन्या गिर्यारोहकांशी बोललो. त्या सर्वांच्या बोलण्यातून जो क्रम हाती आला तो मला पूर्णपणे मान्य आहे: जे अंगाला भिडते ते प्रथम आणि स्वतःचे घ्यावे, त्यातही पाय सर्वांआधी, ज्यावर जीव टांगावयाचा ते शिकल्यावाचून विकत घेऊ नये, आणि जे वर्षाकाठी चार-आठ दिवसच लागते ते खुशाल भाड्याने आणावे.

“जाणार कुठं?”

ठाणे स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर डोंगरी सामानाचे एक लहानसे दुकान आहे. तेथे एका सायंकाळी डोंबिवलीची एक मुलगी आपल्या वडिलांना घेऊन बूट पाहण्यासाठी आली. भ्रमणध्वनीवर कोणा युरोपीय कंपनीच्या उंच घोट्याच्या, जलरोधक अस्तराच्या बुटाचे चित्र तिने आधीच निश्चित करून आणले होते. दुकानदाराने चित्र पाहिले, पण मापही विचारले नाही आणि किंमतही सांगितली नाही. “ताई, आधी सांगा, जाणार कुठं?” एवढेच तो म्हणाला, आणि जुलैत गोरखगड, नंतर माहुली, असे उत्तर आल्यावर त्याने तो विषय तेथेच मिटवून फळीवरून एक साधा, जाळीदार वरचा भाग असलेला, मऊ रबरी तळव्याचा जोड काढला.

त्याच्या या निवडीमागे सह्याद्रीचे भूविज्ञान उभे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून हा डोंगर बनला. कठीण थरांचे उभे कडे झाले, मऊ थर झिजून त्यांच्या पायऱ्या झाल्या आणि फुटून खाली आलेल्या दगडगोट्यांचा व मुरमाचा जो उतार तयार झाला त्याला डोंगरात हिंडणारे घसारा म्हणतात. चंदेरीच्या नाळेत हा घसारा ज्याने चढून-उतरून पाहिला आहे, त्याला बुटाच्या तळव्यावरील खोल खाचांचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. उलट गोरखगडाच्या कातळात खोदलेल्या अरुंद, उभ्या पायऱ्यांवर, त्यातही श्रावणात त्यांच्यावर शेवाळ धरलेले असताना, खाचांपेक्षा रबराचा मऊपणा अधिक उपयोगी पडतो. कारण मऊ रबर खडकाच्या बारीक उंचवट्यांवर दबून बसते आणि पकड धरते, तर कठीण रबर वर्षानुवर्षे टिकते परंतु ओल्या कातळावर काचेसारखे घसरते. टिकाऊपणा आणि पकड ही दोन्ही एका तळव्यात पूर्णांशाने नांदत नाहीत. घ्यावयाचे असेल तर नवशिक्याने पकडीचे बूट घ्यावेत, आणि दोन हंगामांत झिजले तर ते आपले काम करून झिजले असे समजावे. सह्याद्रीतील जुन्या मंडळींत ‘ॲक्शन’च्या ट्रेकिंग बुटांची जी ख्याती झाली, ती याच न्यायाने: दिसण्यात ओबडधोबड, किमतीने आवाक्यातले, आणि कातळाला धरून राहणारे.

जलरोधक अस्तराविषयीही दुकानदाराचे म्हणणे ऐकण्यासारखे होते. हिमालयातील बर्फाळ वाटेवर ते अस्तर अमूल्य ठरते, कारण तेथील ओल बाहेरून आणि थोडी थोडी येते. मुरबाडच्या ओढ्यात मात्र पाणी गुडघ्यापर्यंत असते. ते बुटाच्या तोंडातूनच आत शिरते आणि मग तेच अस्तर त्याला बाहेर पडू देत नाही, परिणामी पाय दिवसभर भिजत राहून तळव्यांची कातडी सुरकुतते आणि सोलवटते. जाळीच्या बुटातून पाणी आले तसे निघून जाते. मुलीच्या वडिलांना हा युक्तिवाद तत्काळ पटला. मुलीला पटण्यास थोडा वेळ लागला, कारण चित्रातला बूट खरोखरच देखणा होता.

पुढची परीक्षा मापाची. दिवसभराच्या उभे राहण्याने पाय किंचित सुजतो, म्हणून बूट सायंकाळी घालून पाहावेत, आणि डोंगरात जे जाड मोजे घालावयाचे तेच दुकानात पायांत असावेत. या दुकानात एक लाकडी उतरण करून ठेवली आहे. त्या मुलीला दुकानदाराने त्यावर खाली तोंड करून उभे केले, नाड्या घोट्यापाशी आवळल्या आणि टाच जमिनीवर आपटावयास सांगितली. बोटे पुढे जाऊन बुटाच्या नाकाला भिडली. म्हणजे जोड बाद. कारण गड चढताना न बोललेला बूट उतरताना बोलतो, आणि माहुलीवरून खाली येईपर्यंत अंगठ्याचे नख काळे पडलेले असते. अर्धे माप वाढवलेल्या जोडीत बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा राहिली, टाच मात्र जागची हलली नाही. लहानपणापासून चपलांत वाढलेल्या आपल्या लोकांचा चवडा पुष्कळदा रुंद असतो, हेही ध्यानी घ्यावे; लांबी जुळली तरी कडेची करंगळी दाबली जात असेल तर तो बूट कितीही नामांकित असला तरी आपला नव्हे.

बुटाच्या तळव्याला एवढे महत्त्व सर्व जगाने फार मोठी किंमत देऊन दिले आहे. १९३५ साली आल्प्समधील पुंता रासिका या शिखरावर विताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाचे सहा सोबती बिघडलेल्या हवेत, त्या थंडीला व बर्फाला अपुऱ्या पडलेल्या पादत्राणांनिशी अडकून मृत्यू पावले. त्या आघातातून ब्रामानीने वल्कनीकृत रबराचा खोल खाचांचा तळवा तयार केला आणि १९३७ साली त्याचे पेटंट घेतले. त्याच्या नाव-आडनावाच्या सुरुवातीची अक्षरे जोडून बनलेले ‘व्हिब्रम’ हे नाव आज ठाण्यातील दुकानातही बुटाच्या तळाशी पिवळ्या अष्टकोनात वाचावयास मिळते.

माळ्यावर ठेवलेला जोड

बूट घेण्याइतकेच ते ठेवण्याचे शास्त्र आहे, आणि खाडीकाठच्या या दमट प्रदेशात त्याकडे होणारे दुर्लक्ष मला विशेष चिंतेचे वाटते. पावसाळा संपला की पुष्कळ घरांत बूट धुऊन, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर टाकतात आणि दोन-तीन वर्षांनी एखाद्या मोहिमेच्या निमित्ताने खाली काढतात. वरून ते नवे दिसतात. गडाच्या अर्ध्या वाटेवर मात्र तळवा टाचेकडून उघडतो आणि थोड्याच वेळात सबंध सुटून हातात येतो. फाटलेल्या जागी चिवट रबराऐवजी भुरभुरीत, चिकट असा चुरा सापडतो.

याला लोक गोंदाचा दोष समजतात. वस्तुतः दोष बहुधा मधल्या थराचा असतो. अनेक बुटांत तळवा आणि वरचा भाग यांच्या दरम्यान पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो, आणि हवेतील बाष्प या पदार्थाच्या रासायनिक साखळ्या हळूहळू तोडीत राहते. बूट वापरला नाही तरी ही क्रिया थांबत नाही. किंबहुना बंद पिशवीतील कोंडलेली ओल तिला हातभारच लावते, तर नियमित वापरातला बूट पुष्कळदा अधिक काळ टिकतो. ईव्हीए या फेसाच्या थराला हा विशिष्ट रोग होत नाही, म्हणून खरेदीच्या वेळी मधला थर कशाचा आहे हे विचारून घेण्यास हरकत नाही. कमी वेळा वापरले म्हणून स्वस्तात मिळणारे, कोणाचे तरी जुने बूट घेणाऱ्याने तर तळवा दोन्ही हातांनी वाकवून, अंगठ्याने मधला थर दाबून पाहावा. भेगा दिसल्या किंवा चुरा निघाला तर तो जोड फुकटही घेऊ नये. जुनी मंडळी सॅकमध्ये हातभर लांबीच्या दोन सुतळ्या बाळगतात त्या याच कारणास्तव: सुटलेला तळवा चवड्यापाशी आणि घोट्याभोवती बांधून निदान गावापर्यंत उतरता येते.

पाठ आणि अंग

सॅकची तजवीज त्यामानाने सोपी आहे. एका रात्रीच्या मुक्कामाला ३० ते ४० लिटरांची सॅक पुरते; हिमालयातील मोहिमेला ५० ते ६० लिटरांची लागते. परंतु लिटरांहून महत्त्वाची आहे ती पाठीची लांबी, म्हणजे मान खाली घातल्यावर हाताला लागणाऱ्या मणक्यापासून कमरेच्या हाडापर्यंतचे अंतर. ओझे खांद्यांवर लोंबण्याऐवजी कमरपट्ट्याच्या द्वारे कंबरेवर बसले पाहिजे. म्हणून दुकानात सॅक रिकामी न घालता तीत आठ-दहा किलो वजन भरून चालून पाहावे. पावसाळ्यात वरच्या आच्छादनावर विसंबू नये, सामान आत जाड प्लास्टिकच्या पिशवीतच भरावे.

कपड्यांविषयी तर जीनसाठी प्रसिद्ध असलेले उल्हासनगर शेजारी असूनही जीनला डोंगरात मज्जाव आहे असे म्हणावे लागते. सुती जाड कापड पाणी शोषते, जड होते, मांड्यांना घासते आणि लवकर वाळत नाही. पॉलिएस्टरची साधी ट्रॅक पँट, एक विंडचीटर आणि मुक्कामासाठी कोरडा राखून ठेवलेला कपड्यांचा एक जोड एवढ्यावर काम भागते. डोक्याला बांधावयाची विजेरी मात्र पहिल्याच खरेदीत असावी, कारण उतरताना अंधार पडला की हातातील दिवा एक हात अडवून ठेवतो.

मुंब्र्याचा कातळ

मुंब्रादेवीच्या डोंगराच्या कुशीतील कातळ हा मुंबई-ठाण्याच्या प्रस्तरारोहकांचा जुना सरावाचा आखाडा. थंडीच्या दिवसांत रविवारी सकाळी, ऊन चढून खडक तापण्यापूर्वी, येथे लहान लहान तुकड्या दोर टाकून बसलेल्या दिसतात. खालून लोकल गाड्यांचा आवाज येत असतो.

एका संस्थेच्या तुकडीतील ज्येष्ठ गृहस्थ, ज्यांना सर्व जण दादा म्हणत होते, सराव सुरू होण्यापूर्वी सबंध दोर आपल्या दोन बोटांमधून इंच इंच सरकवीत होते. दोराच्या बाहेरच्या विणीखाली मुख्य भार घेणारा जो गाभा असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. बोटांना मात्र कळतो. एके ठिकाणी त्यांची बोटे थबकली. दोर तेथे किंचित मऊ, पोकळ लागत होता. त्यांनी तो भाग दुमडून पाहिला. निरोगी दोर दुमडला असता गोल वळण घेतो, हा मात्र कागदाप्रमाणे चपटा मोडला. दादांनी तेथे रंगीत चिकटपट्टी लावली, आणि तो दोर त्या दिवसापुरता नव्हे, कायमचाच बाद केला. मग पिशवीतून एक वही निघाली. दोर कोणत्या तारखेस घेतला, किती वेळा वापरला, त्यावर कोण कोठे पडले, याची नोंद असलेले ते दोराचे दप्तरच होते, आणि त्यात शेवटची ओळ लिहून त्याखाली त्यांनी रेघ ओढली.

ही वही पाहिल्यावर जुना दोर स्वस्तात का घेऊ नये हे वेगळे सांगावे लागले नाही. दोराची पूर्वपीठिका हीच त्याची खरी किंमत. ती ठाऊक नसेल तर दोर कितीही कोरा दिसला तरी त्याच्यावर जीव टाकता येत नाही. विणीच्या आवरणात गाभा असलेला दोर १९५३ साली जर्मनीतील एडेलरिड या कंपनीने प्रथम आणला, आणि त्याचे आज दोन मुख्य प्रकार आहेत. एक पडणाऱ्या माणसाच्या भाराने लांबणारा, जो धक्का सोसून माणसाच्या कण्याचे रक्षण करतो. दुसरा जवळजवळ न ताणणारा, जो भिवपुरीच्या धबधब्यावर रॅपलिंगसाठी किंवा सामान ओढण्यासाठी योग्य. दुसऱ्या प्रकारच्या दोरावर आघाडीचा आरोहक चढला आणि पडला, तर दोर तुटला नाही तरी धक्क्याने माणूस मोडेल. नायलॉनला आम्लाचे वैर आहे. सबब दोर गाडीत बॅटरीजवळ कधीही ठेवू नये.

मलंगगडाच्या बालेकिल्ल्याकडे जाताना तुटलेल्या वाटेवर लोखंडी नळावरून दरी ओलांडावी लागते, आणि कल्याणच्या पुष्कळ मुलांना दोराची पहिली गरज तेथेच भासते. अशा वेळी बाजारातील मिळेल तो दोर किंवा डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील दुकानांत मिळणारा कामगारांचा सुरक्षापट्टा घेण्याचा मोह होतो. तो पट्टा त्याच्या कामासाठी उत्तम आहे. परंतु अशा अनेक पट्ट्यांची कडी पाठीवर असते, आणि प्रस्तरारोहकाला दोर पोटापाशी बांधावयाचा असतो. ज्या कामासाठी जो जिन्नस तपासला गेला, त्या कामापुरतीच त्याची हमी असते. कॅरॅबिनरवर, म्हणजे दोर अडकवण्याच्या दार असलेल्या कडीवर, म्हणूनच भाराचे आकडे कोरलेले असतात: गिर्यारोहणाच्या प्रचलित युरोपीय मानकाप्रमाणे दार बंद असताना लांबीच्या दिशेने निदान २० किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने दोन टनांचा भार. दार उघडे असताना तीच कडी फार कमी भार सोसते. हे आकडे वाचावयास न शिकलेल्याने कडी विकत घेऊन काय साधणार?

दादांचे सांगणे असे, की पहिली दोन वर्षे संस्थेच्याच सामानावर शिकावे. परदेशी सामानाला आयात परवाने लागत त्या काळी दुसरा मार्गही नव्हता. १९५४ साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘गिरिविहार’पासून पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत ज्या संस्था निघाल्या, त्या सामाईक सामानावरच उभ्या राहिल्या, आणि हाताळण्याची शिस्त त्या सामाईकपणातूनच आली. आज डेकॅथलॉनसारख्या विस्तीर्ण दुकानांत आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर सर्व काही मिळते, हे मी इष्टच मानतो. परंतु वस्तू शिकवणुकीच्या आधी घरी येऊ लागली आहे. मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघात भरणाऱ्या गिरिमित्र संमेलनात अशा संस्थांची माणसे भेटतात. नवशिक्याने तेथे जाऊन आधी माणसे शोधावीत. स्वतःचे असे काही घ्यावयाचेच झाले, तर प्रस्तरारोहणाचे मऊ रबरी बूट, मापाचा हार्नेस आणि शिरस्त्राण. अंगाला भिडणारे म्हणून ही तिन्ही स्वतःची असावीत. दोर सर्वांचा.

बर्फाकडे

ठाण्या-डोंबिवलीतून दरवर्षी काही जण उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत किंवा दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूटमध्ये प्राथमिक अभ्यासक्रमाला जातात. तेथे बर्फाचे बूट, क्रॅम्पॉन, आइस ॲक्स हे सर्व संस्थेच्या भांडारातून सही घेऊन दिले जाते, त्यामुळे खरेदीचा प्रश्न मर्यादित राहतो. बर्फावरून घसरण्याच्या खेळांसाठी औलीला गढवाल मंडल विकास निगमचे स्कीइंगचे वर्ग चालतात, आणि गुलमर्गला १९६८ साली स्थापन झालेली भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आहे. स्नोबोर्ड ज्याच्या मनात आहे त्याची पावले बहुधा गुलमर्गकडे वळतात, कारण तेथील गोंडोला अफरवटच्या उतारावर जवळजवळ ४,००० मीटर उंचीपर्यंत नेते. नवशिक्याचे स्थान मात्र अगदी खालच्या मैदानावर.

हा खेळ वयाने लहान आहे. १९६५ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन या गृहस्थाने आपल्या मुलींसाठी दोन स्की एकत्र जोडून एक फळी बनविली, तिच्यातून हा खेळ वाढला, आणि १९९८ साली नागानोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याला प्रवेश मिळाला. स्कीत दोन पाय दोन फळ्यांवर आणि तोंड पुढे. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला आडवे बांधलेले. डावा पाय पुढे ठेवणाऱ्याला ‘रेग्युलर’ म्हणतात आणि उजवा पुढे ठेवणाऱ्याला ‘गूफी’. कोणता पाय पुढे येतो हे घसरड्या फरशीवर मोज्यांनिशी धावत येऊन घसरून पाहिल्यास घरीही कळते.

येथेही क्रम पायांपासूनच. बोर्ड, बाइंडिंग (बूट फळीला जखडणारे पट्टे) आणि बूट मिळून नवा संच घेण्याचा खर्च सहज अर्ध्या लाखाच्या आसपास वा पलीकडे जातो, आणि पहिल्याच हिवाळ्यात तो करणे मला अनुचित वाटते. ऐपत असेल तर फक्त बूट घ्यावेत. भाड्याच्या बुटांचे अस्तर शेकडो पायांनी दबलेले असते; गुडघे वाकवले की त्यात टाच उचलली जाते, आणि टाच उचलली गेली की माणसाने दिलेली आज्ञा फळीपर्यंत उशिरा पोचते. नवा बूट ताठ उभे असताना बोटांना हलका स्पर्श करणारा आणि गुडघे वाकवताच बोटांना मोकळे करणारा असावा. डोंगरी बुटाच्या अंगठाभर जागेचा नियम येथे चालत नाही.

बोर्ड भाड्याने घेताना हनुवटीपर्यंत की नाकापर्यंत, असे उंचीने मोजण्याचा रिवाज आहे. कंपन्या मात्र प्रत्येक लांबीसाठी वजनाची मर्यादा देतात, आणि तीच पाहावी. नवशिक्याला किंचित आखूड, वाकण्यास मऊ फळी सोपी जाते. मोठ्या पावलांच्या माणसाने फळीची मधली रुंदी विशेष पाहावी, नाही तर वळताना बुटाचे नाक बर्फात रुतते. फळीच्या पोलादी कडेवर गंज आहे काय, बाइंडिंगचे स्क्रू पक्के आहेत काय, पट्ट्यांचे दात झिजले आहेत काय, हे सही करण्यापूर्वी पाहून घ्यावे.

पहिले काही दिवस माणूस सतत पडतो, आणि दोन्ही पाय बांधलेले असल्याने तोल सावरावयास हातच पुढे येतात. त्यामुळे नवशिक्यांच्या दुखापतींत मनगटाला फार मोठे स्थान आहे. मनगटरक्षक आणि शिरस्त्राण ही आपल्या बॅगेतूनच न्यावीत. अंगालगत लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा पातळ थर, मध्ये फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारे जाकीट. दोन जोड हातमोजे, कारण एक जोड दुपारपर्यंत ओला होतो. आणि अतिनील किरण अडवणारा चष्मा, कारण ताज्या बर्फावरून परावर्तित होणारे ऊन डोळे जाळते. मोज्यांचा एकच जोड घालावा, एकावर एक दोन चढवले की रक्त अडते आणि पाय अधिकच गारठतात.

गुलमर्गचा हंगाम जानेवारीपासून मार्चपर्यंत. ज्याला तेथील वर्गाच्या तुकडीत नाव घालावयाचे आहे त्याने बूट दिवाळीच्या सुमारासच मागवावेत, आणि ते घरी आल्यावर रोज सायंकाळी, बर्फावर जे मोजे घालावयाचे तेच घालून, अर्धा-पाऊण तास घरातल्या फरशीवर चालावे. डोंबिवलीच्या नोव्हेंबरातील उकाड्यात ते जड वाटतील. पण घोट्यावर कोठे दाबते, टाच कोठे सुटते हे या चालण्यातच कळते, आणि माप बदलून घेण्याची दुकानदाराची मुदत पुष्कळदा फार थोड्या दिवसांची असते. तोपर्यंत तळव्याला माती लागू देऊ नये आणि पावती खोक्यातच ठेवावी.